गोळा केवढा होता ते नंतर, आत काय उरलं ते आधी विचारा

पोळ्यानंतरच्या आठवड्यात शेजारच्या गावचा एक पोरगा माझ्या ओट्यावर आला आणि बसायच्या आधीच त्यानं मोबाईल पुढे केला. फोटोत स्टीलचा ट्रे, ट्रेमध्ये निळसर-पांढरा, वर शिरा उमटलेला चकचकीत गोळा. ऑपरेशन संपलं की थिएटरच्या दाराशी नातेवाइकांना बोलावून काढलेला भाग दाखवतात, तेव्हा टिपलेला.

"सिस्टर, पावणेतीन किलो भरला जी. एवढा मोठा निंघाला म्हणजे आईचं काही खरं नाही ना?"

माझी सगळी नोकरी बायकांच्या वॉर्डात गेली, शेवटची बरीच वर्षं कॅन्सरच्या. निवृत्त होऊन हिंगणघाट तालुक्यात गावी आले, तरी रिपोर्टांच्या पिशव्या माझा पत्ता विसरल्या नाहीत. मी डॉक्टर नाही, औषध सांगत नाही. कागदावर काय लिहिलंय ते मात्र समजावून सांगता येतं. आणि अंडाशयाच्या कॅन्सरच्या कागदात लोक हमखास चुकीची ओळ आधी वाचतात. ती ओळ म्हणजे गोळ्याचं माप.

मी त्याला विचारलं, "आत काही राहिलं का, याबद्दल डॉक्टर काय म्हणाले?"

"सांगतलं होतं. पण मी फोटोच काढत होतो."

त्याच्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड होतं, बायोप्सीचा रिपोर्ट होता, आणि एका घडीत दुमडलेला ऑपरेशन नोटचा कागद होता. त्या दुपारी आम्ही तिन्ही वाचले. जे बोललो, तेच इथे थोडं नीट लावून लिहिते.

आधी मापाचंच घेऊ. रिपोर्टात २२ × १८ × १४ सेंमी असं लिहिलं होतं. लांबी, रुंदी, जाडी. निरोगी अंडाशय सालीसकट बदामाएवढं असतं, साधारण ३ सेंमी लांब. पाळी गेल्यावर ते आणखी आकसतं. म्हणजे बदामाचं टरबूज झालं, हे खरंच. पण सेंटीमीटर फसवतात. १० सेंमीचा गोल गोळा साधारण अर्धा लिटर भरतो. २० सेंमीचा एक लिटर भरेल असं वाटतं, पण भरतो चार लिटरच्या वर. व्यास दुप्पट झाला की आतली जागा आठपट होते. म्हणून १२ सेंमीची गाठ सहा महिन्यांनी १५ ची झाली तर "तीनच सेंमी वाढली" म्हणून निश्चिंत राहू नये, ती जवळजवळ दुप्पट झालेली असते. आणि तीन-चार किलोच्या गोळ्यात बहुतेक वजन पाण्याचं किंवा चिकट द्रवाचं असतं, कॅन्सरच्या मांसाचं नाही.

'महिलेच्या पोटातून आठ किलोचा गोळा काढला' अशा बातम्या आपल्याकडच्या पेपरात अधूनमधून असतात, डॉक्टर लोक ट्रेसकट उभे असतात. त्यातले कित्येक गोळे कॅन्सरचे नसतातच. अंडाशयाच्या साध्या गाठीही पोटभर वाढतात. म्युसिनस नावाचा एक प्रकार आहे, बुळबुळीत द्रवानं भरलेला. तो सगळ्यात मोठा होतो, आणि कॅन्सर निघाला तरी पुष्कळदा अंडाशयाच्या बाहेर गेलेला नसतो. उलट सगळ्यात जास्त आढळणारा, हाय ग्रेड सीरस नावाचा कॅन्सर लबाड असतो. तो कित्येकदा अंडाशयात नव्हे, अंडवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो आणि अंडाशय फारसं न फुगवताच पोटभर पांगतो.

माझ्या शेवटच्या वर्षांत दोन बाया एकाच आठवड्यात वॉर्डात होत्या. एकीचा गोळा २६ सेंमीचा. पोट एवढं होतं की गावात लोक नाही नाही ते बोलले, वय पन्नाशी पार असून. तिचा रिपोर्ट आला पहिल्या टप्प्याचा, केमो लागली नाही, ती अजून दर संक्रांतीला फोन करते. दुसरीची अंडाशयं ५ आणि ४ सेंमी. नवरा म्हणत होता, लहानच आहे, बरं झालं. तिच्या आतड्यांवर, पोटाच्या अस्तरावर, यकृताच्या वरच्या पडद्यापर्यंत दाणे पसरले होते. तिचा टप्पा तिसरा.

टप्पा म्हणजे स्टेज. अंडाशयाच्या कॅन्सरची स्टेज फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीनं ठरते, सध्याची पद्धत २०१४ ची. तिच्यात अंडाशयातल्या गोळ्याच्या मापाला जागाच नाही. तिचा प्रश्न एकच, बाहेर कुठवर गेलं? फक्त अंडाशयात किंवा अंडवाहिनीत असेल तर पहिली. ओटीपोटात गर्भाशय, मूत्राशय, गुदाशयाकडे सरकलं तर दुसरी. ओटीपोटाच्या वर पोटाच्या अस्तरावर किंवा पाठीमागच्या लसिकागाठींत (लिम्फ नोड्समध्ये) गेलं तर तिसरी. छातीतल्या पाण्यात पेशी सापडल्या, यकृताच्या किंवा प्लीहेच्या आत शिरलं किंवा पोटाबाहेर गेलं तर चौथी. लोक 'लास्ट स्टेज' म्हणतात तो शब्द या कागदात कुठेच नसतो. तिसरी स्टेज म्हणजे लास्ट नव्हे, तिच्यासाठीच मोठी ऑपरेशनं आणि केमो आहे.

या पोराच्या आईच्या कागदावर '१ सी' होतं. त्यावर तो अडला. पहिलीत पुन्हा ए, बी, सी कशाला?

त्याच्या घरी चार एकर कपाशी आहे, म्हणून समजावायला सोपं गेलं. बोंड बंद आहे तोवर आतला कापूस कितीही दाटला तरी तो बोंडातच. बोंड फुटलं आणि वारा सुटला की धुऱ्यावरच्या बाभळीलाही कापूस चिकटलेला दिसतो. अंडाशयाच्या गोळ्याला तसंच कवच असतं. एका अंडाशयात, कवच शाबूत, तर १ ए. दोन्हीकडे, दोन्ही कवचं शाबूत, तर १ बी. कवच फुटलं, पृष्ठभागावर कॅन्सर आला, किंवा पोट धुतलेल्या पाण्यात पेशी सापडल्या, तर १ सी. ऑपरेशन करताना फुटलं तरी १ सी, फक्त त्याचा पोटक्रमांक वेगळा. त्याच्या आईचं कवच एका जागी आधीच फाटलेलं होतं. गोळा पावणेतीन किलोचा होता म्हणून केमो सांगितलेली नव्हती. रुपयाच्या नाण्याएवढ्या त्या फाटीमुळे, आणि कॅन्सर सीरस प्रकारचा होता म्हणून, सांगितलेली होती.

म्हणूनच संशयित गाठीत सुई घालून पाणी काढू देऊ नका. पोटात वेगळं पाणी साचलं असेल तर ते तपासायला काढतात, ती गोष्ट निराळी. पण गाठ स्वतः बंद असेल तर सुईनं आपणच बोंड फोडतो.

इथे एक राग सांगून टाकते. तालुक्याच्या ठिकाणी 'साधी सिस्ट आहे' म्हणून छोट्या छिद्रांतून गाठ काढली, आत फोडून तुकड्यानं बाहेर घेतली, आणि महिन्यानं कॅन्सर निघाला, अशा बाया मी मोजू शकणार नाही इतक्या पाहिल्या. त्याहून वाईट म्हणजे गाठ बायोप्सीला पाठवलीच नाही. एका बाईच्या मुलानं गाठ प्लॅस्टिकच्या बरणीत साध्या पाण्यात घालून दिवसभर एसटीनं फिरवली. त्याला दिली तशीच होती, त्याचा काय दोष? पाण्यात मांस सडतं. ते टिकवणाऱ्या फॉर्मेलिन नावाच्या द्रवातच द्यायला हवं, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली काही वाचता येत नाही. तिची स्टेज शेवटपर्यंत नीट ठरली नाही. पोटातून काढलेली कुठलीही गाठ तपासायला गेली का, कुठे गेली, रिपोर्ट कधी मिळणार, हे तीन प्रश्न विचारायला लाजू नका.

आता ज्याची ओळ खरी महत्त्वाची, तो ऑपरेशन नोट.

या ऑपरेशनची चीर उभी असते, ओटीपोटापासून बेंबीच्या वरपर्यंत. बायका म्हणतात, सिझरची तर आडवी आणि लहान होती, इथे एवढं का फाडलं? कारण सर्जनला गाठच नाही, सगळं पोट पाहायचं असतं. गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, अंडवाहिन्या काढतात. जठरापासून आतड्यांवर पदरासारखा लोंबणारा चरबीचा पडदा असतो, त्याला ओमेंटम म्हणतात, तो काढतात. हा कॅन्सर त्या पदरात आधी अडकतो. पोट धुऊन ते पाणी तपासायला पाठवतात, अस्तराचे तुकडे घेतात, गरजेप्रमाणे लसिकागाठी काढतात. मोठ्या रुग्णालयात बाई टेबलावर असतानाच तुकडा तपासून अर्ध्या-पाऊण तासात अंदाज सांगतात, त्याला फ्रोजन सेक्शन म्हणतात. तरुण मुलींमध्ये जर्म सेल नावाचा वेगळा कॅन्सर होतो, तो भराभर वाढतो पण केमोला छान वितळतो. तिथे बहुतेक वेळा दुसरं अंडाशय आणि गर्भाशय ठेवतात, त्यामुळे अविवाहित मुलीच्या आईबापांनी घाबरून उपचार लांबवू नये.

तर हे सगळं काढल्यावर शेवटी सर्जन लिहितो की डोळ्यांना दिसेल असं काही उरलं का. काहीच दिसलं नाही, तर सगळ्यात चांगलं. १ सेंमीपर्यंतचे दाणे उरले, तर त्याखालोखाल. त्याहून मोठं उरलं, तर पुढचा रस्ता अवघड. १ सेंमी म्हणजे केवढं? एक सरकी. पसरलेल्या कॅन्सरमध्ये बाईचं पुढचं आयुष्य ज्या गोष्टींवर ठरतं त्यांत ही सरकी फार वरच्या नंबरावर आहे, ट्रेमधलं टरबूज नाही. जिथे दिसेल ते सगळं काढता येईल असं वाटत नाही, किंवा बाई फार अशक्त असते, तिथे आधी साधारण तीन केमो देऊन दाणे आटवतात, मग ऑपरेशन, मग उरलेल्या केमो. "ऑपरेशन नाही म्हणाले, म्हणजे हात टेकले" असा अर्थ काढून गावी परत नेलेल्या बाया मला ठाऊक आहेत. तसं नसतं.

माप एका ठिकाणी मात्र स्टेजमध्ये शिरतं. तिसऱ्या स्टेजमध्ये बाहेरचे दाणे २ सेंमीपर्यंत असतील तर ३ बी, त्याहून मोठे असतील तर ३ सी. म्हणजे तिथेही माप आहे ते पसरलेल्या दाण्यांचं, मूळ गोळ्याचं नाही.

पोरानं घडी उलगडली. नोटच्या शेवटच्या परिच्छेदात इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ: पोटात डोळ्यांना दिसणारा आजार शिल्लक नाही. ती ओळ त्याच्या पिशवीत पंधरा दिवस होती. फोटो मात्र त्यानं सगळ्या सोयऱ्यांना पाठवून झाला होता.

"टाके तं परवाच काढले," तो म्हणाला. "जखम बी सुकली. मंग आता केमो कायले?"

दुसरी गफलत इथे होते. जखम सुकली, म्हणजे बाई बरी झाली. कातडीचं काम दहा-चौदा दिवसांत आटोपतं हे खरं. कातडीखाली पोट बांधून ठेवणारा जाड पांढरा पापुद्रा असतो, तोही शिवलेला असतो, आणि त्याची चाल फार संथ. दीड-दोन महिन्यांनी त्याला कशीबशी अर्धी ताकद आलेली असते. बाहेरून रेघ सुरेख दिसते, आत शिवण कच्ची. त्या वेळी पाण्यानं भरलेला गुंड डोक्यावर चढवला की शिवण उसवते, आणि वर्षभरात बेंबीशेजारी फुगा दिसायला लागतो. तो हर्निया. मग पुन्हा ऑपरेशन.

पहिल्या दिवसापासून सांगते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बाईला उठवून बसवतो, धरून चार पावलं चालवतो. नातेवाईक रागावतात, "एवढं पोट फाडलं अन् चालवता?" चालवतो, कारण पडून राहिलं की पायांच्या शिरांत रक्त गोठतं. कॅन्सरमध्ये रक्त आधीच गोठायला टपलेलं असतं, त्यात ओटीपोटाचं मोठं ऑपरेशन. ती गोठलेल्या रक्ताची गाठ पायातून सुटून फुप्फुसात गेली तर बाई मिनिटांत जाते. म्हणून पोटाच्या कातडीत रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देतात, आणि बऱ्याचदा ते घरी गेल्यावरही, ऑपरेशनपासून २८ दिवस चालू ठेवायला सांगतात. हे घरी नेमकं बंद पडतं. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच उपकेंद्राच्या सिस्टरला फोन करा, आशाताईला सांगा, किंवा घरातल्या एकानं वॉर्डात शिकून घ्या. अवघड नाही, मी सातवी शिकलेल्या सुनेला शिकवलं आहे.

तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र देतात, नळीतून श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. पोरं ते खेळायला घेतात. ते आजीलाच दर तासाला करू द्या, त्यानं फुप्फुसं उघडतात, न्यूमोनिया टळतो. खोकताना पोटावर उशी घट्ट धरायची. आणि डॉक्टर राउंडला विचारतात, "गॅस पास झाला का?" तेव्हा आपल्या बाया पदर तोंडावर घेऊन गप्प बसतात. त्या प्रश्नाचा अर्थ आतडी जागी झाली का, हा आहे. लाजून "नाही" म्हटलं तर उगाच उपाशी राहाल, लाजून "हो" म्हटलं तर उलट्या होतील.

विदर्भात आणखी एक गोष्ट. सिकलसेल, म्हणजे घराण्यातून येणारा रक्ताचा आजार. घरात कुणाला असेल, कार्ड असेल, तर ते ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरच्या हातात द्या. सिकलसेलच्या रुग्णाला अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली किंवा ऑक्सिजन कमी पडला की त्रास उसळतो, आणि ऑपरेशनमध्ये हे तिन्ही होऊ शकतं. आधी माहीत असलं तर काळजी घेता येते.

घरी आल्यावर खाण्याचा छळ सुरू होतो. तुरीच्या वरणानं पू होतो, भातानं जखम ओली राहते, अंडं उष्ण. ही यादी माझ्या आईकडेही होती. जखम भरते प्रथिनांवर, ती वरणात, अंड्यात, दुधात, झुणक्यात, शेंगदाण्यात आहेत. बाईला पंधरा दिवस भाकर आणि पातळ चहावर ठेवलं तर जखम कशावर भरणार? थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या, कारण एकदम पोटभर जात नाही. पाणी भरपूर. वेदनेच्या गोळ्यांनी संडास घट्ट होते आणि उकिडवं बसून कुंथणं या टाक्यांना सोसत नाही, म्हणून बाजारात मिळणारी भोकाची खुर्ची दोन महिन्यांसाठी आणा, कुणाकडून तरी मागून आणली तरी चालते. जखमेवर हळद, राख, झाडपाला नको. डॉक्टरांनी परवानगी दिली की साध्या पाण्यानं आंघोळ, आणि कोरड्या कपड्यानं टिपणं.

अंगावरून थोडं लालसर-तपकिरी जाणं काही आठवडे चालतं. पाणी भरणं, पोतं सरकवणं, नातवंड कडेवर घेणं, फवारणीचा पंप, हे दीड ते दोन महिने बंद, आणि नवऱ्याजवळ जाणंही तितकेच दिवस बंद. हे शेवटचं वॉर्डात कुणी नीट सांगत नाही आणि बाई विचारत नाही, म्हणून लिहिते. ज्यांची पाळी चालू होती त्यांची एका दिवसात जाते. पाळी हळूहळू जाणं निराळं, अशी तुटणं निराळं. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं गोधडी ओली होते, चिडचिड होते. ते वेड नाही, भूतबाधाही नाही. डॉक्टरांना सांगितलं तर उपाय आहेत.

आता पोराचा प्रश्न, केमो कायले. डोळ्यांना दिसणारं काही उरलं नाही, असं लिहिलंय. न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात, फाटलेल्या बोंडातून उडालेल्या. शेतात तण उपटून झालं तरी बी मातीत असतंच. त्यासाठी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही जोडी सलाइनमधून, साधारण दर तीन आठवड्यांनी, बहुतेक वेळा सहा वेळा देतात. सुरुवात ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांत व्हावी, फार तर सहा. हा काळ आपल्याकडे कुठल्या ना कुठल्या हंगामावर येतोच. सोयाबीन निघतं, लग्न निघतं, तेरवी निघते, आणि "एक महिन्यानं जाऊ" होतं. न दिसणाऱ्या पेशींना हंगाम नसतो.

केस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात, नंतर येतात. हातापायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात. अशा पायांनी अनवाणी शेतात गेलं तर काटा कळत नाही, चुलीशी चटका कळत नाही. चप्पल घरातसुद्धा. पण खरी भीती तापाची. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली जातात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळ होईपर्यंत थांबू नका, गावच्या डॉक्टरकडून गोळी-सुई घेऊन वाट पाहू नका, जिथे रक्त तपासून शिरेतून औषध देता येईल तिथे रातोरात पोहोचा. गाडी कुणाची मिळेल ते केमोच्या आदल्या दिवशी ठरवा. आणि थर्मामीटर विकत घ्या. हात लावून पाहिलेला ताप डॉक्टरला सांगता येत नाही.

ऑपरेशननंतरही तसंच. एका पोटरीला सूज-ठणका, अचानक दम, जखमेतून पू किंवा एकदम खूप पाणी, पोट फुगून उलट्या आणि गॅस बंद, यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

या कॅन्सरमध्ये सीए-१२५ नावाची रक्त तपासणी करतात, तिच्याबद्दल पुष्कळ फोन येतात. ३५ च्या आत ठीक धरतात. पण पोटाच्या अस्तराला त्रास झाला की हा आकडा चढतो, मग तो त्रास ऑपरेशनचा असो, पाळीचा, गर्भाशयाच्या गाठींचा की पोटाच्या टीबीचा. पोटात पाणी, वाळलेलं अंग आणि चढलेलं सीए-१२५ असं सगळं असून शेवटी टीबी निघाला, हे आपल्या भागात घडतं. त्यामुळे ऑपरेशननंतर दहा दिवसांत हौसेनं तपासून रडत बसू नका. डॉक्टर म्हणतील तेव्हा, शक्यतो एकाच लॅबमध्ये, आणि एका आकड्याकडे नाही, उतार आहे की चढ तेवढं पाहायचं. उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं साधारण दर दोन ते चार महिन्यांनी दाखवायला जायचं, मग सहा महिन्यांनी.

पोरानं शेवटी विचारलंच, वाचेल ना? अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की अंडाशयापुरताच असताना सापडला तर पाच वर्षांनी दहापैकी नऊ बाया हयात असतात, दूर पसरल्यावर सापडला तर दहापैकी तीन. पसरलेला आजार पुष्कळांत दोन-तीन वर्षांत परत येतो, तेव्हा ऑपरेशन बिघडलं असा अर्थ नसतो, पुन्हा औषध देतात. त्याच्या आईची स्टेज पहिली. मी त्याला तेवढंच सांगितलं, वर काही घातलं नाही.

एक गोष्ट बहिणींसाठी. सीरस प्रकार निघाला तर रक्ताची बीआरसीए तपासणी, म्हणजे घराण्यातून येणारा जनुकातला दोष शोधणारी, करायची का, हे विचारायला सांगितलं. हा दोष आईकडून जसा येतो तसा बापाकडूनही येतो, आणि मुलगे-मुली दोघांतही जातो.

पैशांसाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधार आणि रेशनकार्ड घेऊन भरती होतानाच तिथे जा, बिल भरून झाल्यावर नाही. नागपूर, सेवाग्राम किंवा मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या. ते आगपेटीपेक्षा लहान असतात आणि तुमची गाठ त्यांत जपलेली असते. कारच्या डिकीत उन्हात ठेवू नका, मेण आहे ते.

चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेले. आई बाजेवर बसली होती, पोटाला पट्टा, पुढ्यात वाटीभर फोडणीचं वरण. केमोची पहिली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केलेली. तिनं माझ्या कानाशी येऊन, पोराला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "सिस्टरबाई, दिवाळीले वेचणीले जाता येईन का जी?"

कापूस वेचताना कमरेला ओटी बांधतात. वेचेल तसा कापूस त्यात टाकत जायचा, आणि भरत आली की चार-पाच किलो वजन बरोबर ओटीपोटावर लोंबतं, जिथे तिची शिवण आहे तिथे. त्यात दिवाळीला दुसरी-तिसरी केमो चालू असणार, पांढऱ्या पेशी खाली, शेतात धूळ. मी म्हटलं, "ओटी बांधून नाही. यंदाचा हंगाम तरी नाही."

ती थोडा वेळ वरणाच्या वाटीकडे पाहत राहिली.

"मंग काट्यापाशी खुर्ची टाकून बसीन, तोंडाले फडकं बांधून," ती म्हणाली. "मागच्या साली माह्या नावावर तीन किलो कमी लिवले होते."